मशीनचा डबा उघडला तेव्हा

शिलाई मशीन घरी येतं तेव्हा त्याच्याबरोबर एक छोटासा डबाही येतो. जुन्या काळ्या मशीनच्या डब्यात बॉबिनी, सुया, पेचकस, तेलाची कुपी आणि सगळ्यांच्या तळाशी दोन-तीन चकचकीत, वेडेवाकडे वळवलेले धातूचे तुकडे असत. बॉबिन कशासाठी ते कळतं, सुई तर कळतेच. पण हे तुकडे? दुकानदाराला ते दाखवायला वेळ नसतो आणि माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. मग वर्षभरात त्या डब्यात शर्टाची जादा बटणं, ब्लाऊजचे हूक, टाचण्या आणि एखादी हरवलेली किल्ली येऊन पडते. तळाचे तुकडे तळालाच राहतात.

त्यांतला एक बहुतेक वेळा हेमर असतो. मशीनच्या नेहमीच्या फुटाच्या जागी बसवायचा हा फूट. त्याच्या पुढच्या तोंडाला गोगलगाईच्या शंखासारखा वळसा असतो. कापडाची कड त्या वळशात शिरली की आपोआप दोनदा दुमडली जाते आणि लगेच तिच्यावर टीप पडते. दुसरा तुकडा कर्ण्यासारखा, मागे रुंद आणि पुढे निमुळता. तो बाइंडर. त्याच्यातून कापडाची पट्टी चारपदरी दुमडून बाहेर येते आणि कडेला दोन्ही बाजूंनी पोटात घेते. यालाच आपल्याकडे गोट लावणं म्हणतात. हल्ली सगळे सरसकट पायपिंग म्हणतात. पण खरं पायपिंग म्हणजे आत दोरी घातलेली बारीक कड, आणि तिचा फूट निराळा. दुकानात गोंधळ होतो तो इथेच.

कडेची ही कटकट मुळात शिवलेल्या कपड्यांनी आणली. साडीला काठ असतो, तो मागावरच विणून येतो. आडवा धागा कडेला वळून परत फिरतो, म्हणून तिथून दशा सुटत नाहीत. प्रश्न असतो फक्त कापलेल्या दोन टोकांचा. पदराच्या दशांना पूर्वी गोंडे बांधत, दुसरं टोक हाताने मुरडून घेत. आता गल्लोगल्ली फॉल-बिडिंगच्या पाट्या लागलेल्या असतात. पण कापड कातरून त्याचं झबलं, परकर, फ्रॉक करायचा म्हटला, की कातरीने जितक्या कडा निर्माण केल्या तितक्यांना काठ द्यावा लागतो. गंमत अशी, की शिवणाऱ्या बाईचा वेळ खरा खातात त्या या कडा. बाजू जोडायला दोन मिनिटं पुरतात; घेर दुमडायला अर्धा तास.

आयझॅक सिंगरने आपल्या मशीनचं पेटंट १८५१ साली घेतलं. एलियास हाऊ यांचं त्याआधीचं, १८४६चं. मशीनने सरळ टीप दिली, पण कडा हातानेच दुमडायच्या राहिल्या. त्यामुळे लवकरच मशीनच्या पाठोपाठ हेमर, बाइंडर, चुण्या घालणारा रफलर अशी जोडसाधनं आली. सिंगर कंपनीने तर १८८९ साली पेटंट झालेली एक लाकडी पेटी दिली. ती उलगडली की सपाट व्हायची आणि प्रत्येक साधनाला तिच्यात स्वतःची खाच असायची. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली 'यंग इंडिया'त शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते शोधून काढलं, असं त्यांनी म्हटलं. सिंगरचं चरित्र पाहता ते प्रेमापेक्षा धंद्यापोटी झालं असणं अधिक संभवतं. पण बायकोचे कष्ट, हे गांधीजींचं बोट बरोबर जागी होतं.

लालबागच्या एका चाळीतल्या वहिनींच्या घरी १९७४ साली हप्त्याने मशीन आलं. यजमान गिरणीत साचे चालवत. वहिनींच्या सासूबाईंची शिवणाची रीत कडक. "टाका दिसला तर ते शिवण कसलं?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे टीप मशीनवर मारली तरी घेर हातानेच व्हायचा. दुपारी जेवणं आटोपली, की खिडकीच्या उजेडात बसून वहिनी घरातल्यांचे परकर, फ्रॉक दुमडत. त्या वेळेची किंमत कोणी करत नव्हतं, कारण तो वेळ विकला जात नव्हता.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिने गेले, वर्ष उलटलं आणि कित्येकांना गिरणीचा भोंगा पुन्हा ऐकायला मिळाला नाही. गिरणगावातल्या कितीतरी घरांत त्या काळात बायकांच्या हातावर चूल चालली. कोणी पोळ्या लाटल्या, कोणी खानावळ काढली, कोणी भाजी विकली. वहिनींनी भुलेश्वरकडच्या एका व्यापाऱ्याची मलमलीची झबली शिवायला घेतली, डझनावर मजुरी ठरवून.

आता दुपारच्या त्या वेळेला किंमत आली, आणि ती फार कमी होती. एका झबल्याला गळा, दोन मुंढे, पाठीमागची उघडी बाजू आणि खालचा घेर, इतक्या कडा. गोटाची पट्टी आधी मशीनवर जोडायची, मग उलटवून आतून हाताने टाके घालायचे. बाळाच्या कपड्यात यात हयगय करून चालत नाही. सुटलेला लांब दोरा तान्ह्याच्या बोटाला गुंडाळला गेला, तर बोटाचा रक्तप्रवाह अडू शकतो. एक डझन झबली पुरी व्हायला दोन दिवस लागत. रात्री चाळीशीचा चष्मा लावूनही सुईत दोरा ओवला जाईना.

चाळीच्या तळमजल्यावर एक म्हातारे शिंपीमामा राहत. ते एकदा सुई मागायला वर आले. वहिनींनी डबा त्यांच्यापुढे उपडा केला, तेव्हा बटणांच्या ढिगातून त्यांनी हेमर उचलला.

"हा कुणाचा?"

"मशीनबरोबरच आला होता मामा. कशाचा आहे कोण जाणे."

"आठ वर्षं तुम्ही याचं काम हातानं करताय, वहिनी!"

मामांनी तिथेच पेच सैल करून तो बसवला. पहिली तीन दुमडणं फसली. मामा म्हणाले, यात ताकद नाही, सुरुवात आहे. कड सरळ कातरलेली हवी. आधी टोकाला बोटांनी दोनदा बारीक दुमड घालून चार-पाच टाके मारायचे आणि दोरे लांब ठेवायचे. मग ते दोरे पुढे ओढत कापड वळशात सरकवायचं आणि फूट खाली सोडायचा. त्यानंतर उजव्या हाताने कड जराशी उभी धरून फक्त वाट दाखवायची. जास्त कापड शिरलं तर गोळा होतो, कमी शिरलं तर दशा बाहेर डोकावतात. बाजूच्या शिवणीचा जाड जोड वळशात अडतो, म्हणून तिथला जादा कोपरा आधीच तिरका कापून टाकायचा. चौथ्या खेपेला घेर सरळ निघाला. सासूबाईंनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. टीप दिसत होती. त्या काही बोलल्या नाहीत.

बाइंडर मात्र डब्यात नव्हता. मामांनी तो दुसऱ्या दिवशी आपल्याकडचा आणून दिला. त्याला कच्ची पट्टी लागते, ती सुमारे एक इंच रुंद. पाव इंचाचा गोट चारपदरी होतो, त्याचा हा हिशेब. ही पट्टी उभ्या धाग्याच्या रेषेत कापली, तर गळ्याच्या गोलाईवर ती बसत नाही, चुण्या पडतात. ती पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या रेषेतच कापावी लागते. शिंपी तिला क्रॉसपट्टी म्हणतात.

इथे कामाला आले ते यजमान. इतके दिवस ते संपाच्या सभेला जायचे किंवा गॅलरीत बसून राहायचे. तिरक्या पट्टीलाच ओढ का असते, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. जन्मभर उभा आणि आडवा धागा त्यांच्या हाताखालून गेला होता. उभ्या धाग्यावर ओढलं तर धागाच ताणला जायला हवा, तो नाही म्हणतो. तिरकं ओढलं तर दोन धाग्यांमधला चौकोन कलतो आणि कापड हवं तसं वळतं. त्यांनी जमिनीवर कापड पसरून खडूने रेघा मारल्या. अठरा इंचाच्या चौकोनातून इंचभर रुंदीची पट्टी, सांधे वजा जाता, साडेआठ वारांच्या आसपास निघते, म्हणजे सहा-सात झबल्यांची सोय. दोन पट्ट्या जोडताना सांधा तिरका ठेवायचा, म्हणजे सगळी जाडी एका जागी येऊन कर्ण्यात अडकत नाही. पट्टीचं टोक कलमासारखं अणकुचीदार कापलं, की ते बाइंडरमधून टाचणीने ओढून घेता येतं. "साच्यावर काठ विणायचो, आता काठ कापतो," असं ते शेजाऱ्यांना म्हणत. हसून म्हणत, पण म्हणत.

वहिनींना स्वतःलाच सापडलेली एक युक्ती अशी : झबल्याची कड संपली तरी थांबायचं नाही. नुसती पट्टी चालू ठेवली, की चारपदरी दुमडून तिच्यावर टीप पडत जाते आणि पाठीमागे बांधायचा बंद तयार होतो. बंद वेगळे शिवून जोडण्याचं काम गेलं, शिवाय हे बंद तुटत नाहीत.

दोन दिवसांचं काम दीड दुपारीत होऊ लागलं. शेजारच्या तिघीजणी शिकायला आल्या. आणि महिन्याभरात व्यापाऱ्याच्या लक्षात आलं, की माल लवकर येतोय.

"बाई, आता हातकाम कुठे राहिलं? सगळं मशीननंच होतंय," असं म्हणत त्याने डझनाचा भाव खाली आणला.

त्याचं म्हणणं वरवर चोख होतं. पण हेमर त्याचा नव्हता, मशीनचे हप्ते त्याने भरले नव्हते आणि शिकताना फुकट गेलेलं कापडही त्याचं नव्हतं. वहिनी एकट्या असत्या तर गप्प बसल्या असत्या. चौघींनी मिळून ठरवलं आणि आठ दिवस माल उचलला नाही. घरात तेल संपलं होतं, ते उसनं आणलं. नवव्या दिवशी व्यापाऱ्याचा पोऱ्या गाठोडं घेऊन आला. जुना पुरा भाव मिळाला नाही, पण कापलेल्यातला अर्धा परत मिळाला.

हे भांडण एका चाळीचं नव्हतं. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना उभी केली, ती कापड कामगारांच्या संघटनेच्या महिला विभागातून. गिरण्यांतल्या चिंध्या घरी जोडून गोधड्या आणि खोळी शिवणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी 'सेवा' पुढे लढली. घरी बसून काम करणाऱ्यालाही कामगार मानावं, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत १९९६ साली झाला. मोठ्या कारखान्यांत हेच कर्णे फोल्डर या नावाने मशीनला कायमचे जोडलेले असतात. टी-शर्टच्या गळ्याची पट्टी त्यांतूनच येते. तिथे वाचलेल्या मिनिटाचा हिशेब ठेवायला माणूस नेमलेला असतो. घरात तो आपणच ठेवायचा असतो.

आज नुसता हेमर एका साध्या ब्लाऊजच्या शिलाईपेक्षा कमी पैशांत मिळतो. मात्र घेताना आपल्या मशीनचा जुना फूट बरोबर न्यावा. साध्या घरगुती मशीनचा, नव्या झिगझॅग मशीनचा चाप लावून बसणारा आणि कारखान्यातल्या मशीनचा फूट एकमेकांना चालत नाहीत. बसवल्यावर एकदम मोटर किंवा पायटा चालवू नये. आधी हाताने चाक फिरवून सुई भोकातून सरळ खाली जाते का ते पाहावं, नाहीतर पहिल्याच टाक्याला ती मोडते. बारीक हेमर मलमल, वॉइल, पातळ कॉटनसाठी; जाड कापड त्याच्या वळशात शिरतच नाही, तिथे हाताची दुमडच बरी. फार घेरदार फ्रॉकची तिरकी कड हेमरमध्ये ताणली जाते आणि लाटेसारखी होते. तिला गोट लावावा.

बाइंडरला चौकोनी कोपरा आवडत नाही. बाळाचं दुपटं करायचं असेल, तर कोपऱ्यावर वाटी उपडी ठेवून खडूने गोलाई आखावी आणि तीवरून कातरावं. पट्टी त्या वळणावरून न थांबता जाते. चारही कोपऱ्यांना वाटी मात्र एकच वापरावी, नाहीतर दुपट्याची घडी घालताना कोपरे जुळत नाहीत.