धूळ कुणी उडविली?

'पावसाने दगा दिला' हे वाक्य आमच्या माणदेशात कोणत्याही पारावर ऐकू येते. दुष्काळाचा सगळा दोष आभाळाच्या माथी मारला की माणूस मोकळा होतो. माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात, परकर-पोलक्याच्या वयात, खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तिचीही तक्रार आभाळाविषयीच असते. मात्र यंदा इतिहासाच्या तासाला सरांनी महामंदी शिकविताना अमेरिकेतील 'डस्ट बाउल'चा ओझरता उल्लेख केला आणि माझे कुतूहल जागे झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ग्रंथालयात जे मिळाले ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. वाचता वाचता एका प्रश्नाने मनात घर केले : पाऊस आभाळाने अडविला हे खरे, पण धूळ कुणी उडविली?

रॉकी पर्वताच्या पूर्वेला पसरलेले गवताळ मैदान म्हणजे प्रेअरी. तिच्या दक्षिण भागात, कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, टेक्सास आणि ओक्लाहोमा ही राज्ये जेथे जवळ येतात तेथे, पाऊस मुळातच बेताचा आणि वारा मात्र जोराचा. अशा मुलखात हजारो वर्षे जमीन टिकली ती बुटक्या गवतामुळे. त्याच्या मुळांची वीण इतकी घट्ट, की अवर्षणात पाती वाळली तरी माती जागची हलत नसे. या गवतावर बायसन नावाच्या गव्यांचे कळप चरत आणि त्यांच्या मागे कोमँचीसारख्या आदिवासी जमाती फिरत. एकोणिसाव्या शतकात गवे मारले गेले, आदिवासींना हुसकावून लावले गेले आणि नांगर आला.

१८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्यांना १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. नांगरामागून पाऊस येतो, असे त्या काळी शिकलेली माणसेसुद्धा सांगत! पहिल्या महायुद्धात सरकारने गव्हाला बुशेलमागे, म्हणजे सुमारे २७ किलोंना, दोन डॉलरहून अधिक भाव बांधून दिला. मग काय विचारता! ट्रॅक्टर आले, तव्यांचे नांगर आले. गावात न राहता केवळ पेरणी-कापणीपुरते येणारे 'सुटकेसवाले' शेतकरीही आले. युद्ध संपल्यावर भाव घसरला, पण कर्जाचा हप्ता घसरला नाही. तो भरण्यासाठी आणखी गवत मोडले गेले. तव्यांच्या नांगराने मातीचे पीठ होई. अनेक जण धसकटेही जाळून टाकीत. १९३१ साली गहू भरघोस पिकला आणि भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला. कित्येकांनी रान उघडे टाकून दिले. नेमका त्याच सुमारास पाऊस थांबला.

पुढची सात-आठ वर्षे वाचताना मन सुन्न होते. १९३४ च्या मे महिन्यात उडालेली धूळ न्यूयॉर्कपर्यंत आणि तेथून पुढे अटलांटिक महासागरातील जहाजांवर पडली. १४ एप्रिल १९३५ हा दिवस 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी काळ्या धुळीची भिंत मैदानावरून चालून आली आणि भर दिवसा माणसाला आपला हात दिसेना. बायका खिडक्यांना ओल्या चादरी बांधीत. ताटे पालथी घालून ठेवीत आणि जेवायच्या क्षणीच सुलटी करीत. धुळीने फुप्फुसे भरून मुले दगावली. लोक देशोधडीला लागले असे आपण वाचतो. पण त्या मुलखातले बहुसंख्य शेतकरी गेलेच नाहीत. धूळ खात, पुढच्या वर्षाची वाट पाहात, ते तेथेच राहिले. हे वाचताना मला ती माणसे परकी वाटेनात.

ह्यू बेनेट नावाचा मृदाशास्त्रज्ञ जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे असे कित्येक वर्षे ओरडून सांगत होता. १९३५ मध्ये धुळीचे ढग थेट राजधानीवर आले आणि २७ एप्रिलला मृदसंधारणाचा कायदा झाला. उताराला आडवी नांगरट, पट्ट्यापट्ट्यांनी पिके, धसकटे रानातच राखणे, पडीक जमिनीवर पुन्हा गवत लावणे असे उपाय सुरू झाले. १९३४ ते १९४२ या काळात उत्तर डकोटापासून टेक्सासपर्यंत वारा अडविण्यासाठी सुमारे २२ कोटी झाडे लावली गेली. पण मला सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन गोष्टी. एक म्हणजे, सरकारने शेतकऱ्याला नुसता उपदेश केला नाही, नव्या पद्धतीसाठी पैसेही दिले. दुसरी म्हणजे, १९३७ पासून शेतकरी आपापल्या भागात मृदसंधारणासाठी एकत्र येऊ लागले. कारण वारा कुणाचा बांध ओळखीत नाही. एकाने रान राखले तरी शेजाऱ्याच्या उघड्या रानातली धूळ त्याच्या पिकावर येऊन पडतेच.

ही गोष्ट पूर्णपणे सुखान्त मात्र नाही. नंतर तेथे ओगालाला या प्रचंड भूजलसाठ्यावर पंप बसले आणि रान पुन्हा हिरवे झाले. आज त्याच साठ्याची पातळी अनेक ठिकाणी खाली चालली आहे.

हे सारे डोक्यात घेऊन मी दिवाळीच्या सुटीत घरी गेले, तर घरातही नांगराचाच विषय. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला दीड एकराचा उतरता माळ आहे. त्यावर कुसळी गवत असते. दादा म्हणाला, "आबा, ट्रॅक्टर भाड्यानं आणून माळ मोडूया. मिरगाला बाजरी तरी पेरता येईल. हिच्या होस्टेलचं पैसं कुठनं आणायचं?" आजी म्हणाली, "मोडशील, पर पयल्या वळवात माती खाली वड्याला जाईल बघ." मी प्रेअरीची हकिगत सांगितली. दादाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "त्यास्नी सरकारनं पैसं दिलं. आपल्याला कोण देणार?"

त्याचा प्रश्न खोटा नाही. प्रेअरीवर नांगर धरणारी सगळीच माणसे हावरी नव्हती. पुष्कळांच्या पाठीशी हप्ता उभा होता. आमच्या माळावर नांगर आला तर त्याच्या पाठीशी माझी फी असेल. म्हणून मी 'कमवा आणि शिका' योजनेत नाव घातले आहे. आबांनी यंदापुरता ट्रॅक्टर थांबविला आणि माळाला आडवी दगडांची ताल घालायला काढली. पुढच्या वर्षी काय होईल ते आज सांगता येत नाही.

आभाळाला जाब विचारता येत नाही, नांगराला विचारता येतो. पण तो विचारण्यापूर्वी नांगर धरणाऱ्याच्या घरातील चूलही पाहिली पाहिजे. शेतकऱ्यांची शिकणारी मुले म्हणून हे काम आपले नाही तर कुणाचे?