कपाट गेलं आणि खोली वाढली

लहान खोली मोठी करता येते! भिंत न पाडता, एकही चिरा न हलवता, गवंड्याला हाक न मारता! मला हे आत्ता कुठे कळलंय आणि भेटेल त्याला सांगत सुटलेय. तेव्हा तुमचीही सुटका नाही.

खोली आमच्या मालवणच्या घरातली, पडवीला लागून असलेली, दहा बाय दहाची. तिथे नारळ, सुकटीचे डबे, जुनी अंथरुणं, एक लोखंडी कपाट आणि कुणीच न बसणारा सोफा सुखाने नांदत होते. तारकर्ली-देवबागला येणारे बरेच पर्यटक हल्ली घरगुती मुक्काम शोधतात, म्हणून ती पाहुण्यांसाठी तयार करायची ठरली. मी मोबाइलवर रंगांचे नमुने बघत बसले होते. आत्याने दारातूनच आत नजर टाकली नि म्हणाली, "रंग मगे बघ गो. आधी ह्यां कपाट भायर काड."

कपाट बाहेर गेलं आणि काय सांगू! त्याच्याखाली दडलेला लाल कोबा उघडा पडला, दारातून येणारा उजेड सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचला आणि खोली डोळ्यांदेखत पसरली. डोळा खोली मोजतो ती जमिनीवरून! जमीन भिंतीला जाऊन टेकलेली दिसली की खोली ऐसपैस. मधेच कपाटाशी तुटली की डोळ्यांच्या लेखी खोली तिथेच संपली. टेप लावा, माप तेच येतं. पण टेप लावून राहतंय कोण?

मग मी थांबलेच नाही. जमिनीला बूड टेकून बसणारं प्रत्येक सामान एक तर भिंतीवर चढलं, नाही तर पायांवर उभं राहिलं. सोफा गेला. पलंग आला तो बुटका, पण खालून आरपार कोबा दिसेल असा. टेबल भिंतीलाच बिजागरीने जोडलं, काम झालं की खाली पाडायचं. कपड्यांसाठी खुंट्या आणि एक आडवी दांडी. भिंतीला ठोकलेलं जुनं प्लायवूड काढलं तर मागे चक्क तीन कोनाडे निघाले! जांभ्याच्या भिंती जाडजूड, त्यांच्या पोटातच जुन्या लोकांनी दिव्याची, डब्यांची, पोथीची सोय करून ठेवलेली. सामान भिंतीच्या आत आणि जमीन माणसांना मोकळी. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) हेच करत असत, बसायचे ओटे आणि कोनाडे बांधकामातच काढायचे, म्हणजे फर्निचरचा खर्चही वाचतो आणि जागाही.

आणि मग मला चतुर्थी आठवली! एरवी चार माणसांना अपुरं वाटणारं माजघर गणपतीत भजनाची अख्खी मंडळी पोटात कसं घेतं? सजावट वर असते म्हणून! आमच्याकडे माटवी गणपतीच्या डोक्यावर टांगतात. नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, रानफुलं, सगळी शोभा छताला, आणि खाली भजनाला बसायला मोकळी भुई. इथले चाकरमानी मुंबईच्या चाळींत याच शहाणपणावर जगले. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. गावच्या किती माणसांनी अशा खोल्यांत संसाराआधीची वर्षं काढली! दिवसा वळकट्या गुंडाळलेल्या, ट्रंका एकावर एक, रात्री पुन्हा झोपायला जागा तयार.

आता वर बघा. या खोलीला खोटं छत होतं. ते उतरवलं आणि आढ्यापर्यंतची उंची फुकटात मिळाली! वासे, रिपा, त्यावर मंगलोरी कौलं. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कारखाना काढला, तिथून ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या छपरातली दोन काढून तिथे काचेची कौलं बसवली. खिडकीचा उजेड खिडकीजवळच रेंगाळतो, वरचा कोपऱ्याकोपऱ्यात उतरतो. सकाळी उन्हाचा चौकोन पश्चिमेच्या भिंतीवर, जेवणाच्या वेळी कोब्यावर, आणि पाहुण्यांच्या चहाच्या वेळेला समोरच्या कोनाड्यात. दिवसभर फिरणारी ही सजावट मला कुठल्या दुकानात मिळाली असती?

भिंतींना चुन्याचा पांढरा हात दिला. दार आणि खिडकीची चौकटही त्याच रंगात, म्हणजे नजर कुठे अडखळत नाही. पडद्याची दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर लांब, म्हणजे पडदा सारला की खिडकी पूर्ण मोकळी.

आरशाची गंमत तर ऐकाच. लंडनमध्ये सर जॉन सोन नावाच्या वास्तुविशारदाचं घर आज संग्रहालय आहे. तिथल्या न्याहारीच्या छोट्या खोलीत त्याने १८१२च्या सुमारास घुमटाखाली गोल गोल बहिर्वक्र आरसे लावले आणि वरून उजेड सोडला. खोली एवढीशी, पण तिचा अंत लागत नाही! मी एकच आरसा लावला, खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर. त्यात पलंग दिसत नाही, माड दिसतात. आरसा पसाऱ्यासमोर टांगला तर पसारा दुप्पट होतो, हे आधी ध्यानात घ्या.

शिवाय हा सगळा मोकळेपणा पावसाळ्यात कामाला येतो! इथे पाऊस धो धो. भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे हवा फिरत नाही, ओल धरते, बुरशी येते. सामान भिंतीपासून चार बोटं दूर आणि पायांवर असलं की खाली केरसुणीही जाते, वाराही जातो आणि वाळवी लागली तर वेळेवर दिसते. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं नि आरशाची पाठ काळवंडते, म्हणून बिजागऱ्या पितळी घेतल्या आणि आरशाची पाठ नीट बंद करून घेतली.

तेव्हा रंगाचा डबा आणायला निघण्याआधी खोलीतली सगळ्यात मोठी वस्तू उचला आणि एक रात्र बाहेर ठेवा. सकाळी परत आत न्यावीशी वाटली तर न्या. मी आता स्वयंपाकघराकडे वळलेय, आणि घरातली माणसं आपापली आवडती डबडी लपवायला लागली आहेत!