विंचूरचा वाडा

बालमित्रांनो, निफाड तालुक्यातलं विंचूर पाहिलंय का? पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या जहागिरीचं हे गाव. आडनाव दाणी, पण गावामुळे ते विंचूरकर झाले. १७६१ साली पानिपतच्या रणातून ते जिवंत परतले.

खेड्यात घरांच्या जागेला पांढरी म्हणतात, शेतजमिनीला काळी. पांढरीची माती टाकली की पीक जोमानं येतं, म्हणून कितीतरी जुन्या गढ्या लोकांनी खणून नेल्या.

विंचूरच्या सहलीत एकानं वाड्याच्या विटेचा तुकडा हळूच दप्तरात टाकला. "आठवण म्हणून, बाई!"

"अरे, सगळ्यांनीच एकेक नेला तर?"

तो गप्प झाला. तुकडा जागेवर ठेवून आला. मुलांनो, वाडा डोळे भरून पाहा. घरी मात्र त्याची गोष्टच न्या!