बर्फाखालचं आढं

आज आढं चढलं. परसातली शेड जेमतेम ८ बाय १० फुटांची, पण इथे बफलोत ईरी सरोवरावरून आलेला बर्फ एका रात्रीत कंबरेएवढा साचतो. कोकणातलं छप्पर पागोळ्यांनी मोकळं होतं. बर्फ मात्र वर मुक्काम ठोकतो. ओला असला की घनफुटाला २० पौंडांच्या घरात! त्या भाराने वासे वाकतातच, शिवाय त्यांचे पाय बाहेर सरकून भिंती फाकतात. म्हणून दर १६ इंचांवर वासा, आणि समोरासमोरच्या वाशांना भिंतीच्या माथ्याशी बांधून धरणारी आडवी तुळई. छपरातलं हेच लाकूड मला सगळ्यात जवळचं वाटतं. वासा टेकवायची पहिली खाच खोल गेली, तो वासा बाद केला. पाइनचा वास अजून हाताला आहे. उतार ४५ अंशांचा, वर पत्रा. बर्फ घसरेल त्या बाजूला दार ठेवलेलं नाही.