काचेच्या घरातील शेजार

सोयरीक जुळविताना आपले वडीलधारे घराणे पाहत, गाव पाहत, पत्रिका पाहत. एवढे करूनही संसार सुखाचा होईल याची हमी कोणी देत नसे. काचेच्या पेटीत मासे पाळणारा मात्र रंग पाहतो, पिशवीत पाणी भरून घेतो आणि घरी येऊन मासे पेटीत सोडून देतो. त्या बापड्यांना रुसून माहेरी जाण्याचीही सोय नसते.

नातीच्या हट्टाखातर आमच्या फोंड्याच्या घरी अशी एक पेटी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद. पाणी साधारण ६० लिटर. तिच्यात कोणाला नांदवावे हे ठरविण्यात दीड महिना गेला, आणि तो सत्कारणी लागला. माशांच्या उत्सर्गातून विषारी अमोनिया तयार होतो. सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. या जंतूंचे बिऱ्हाड बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर खाद्य टाकणाऱ्या आजोबांकडे पाहून नात हसत असे.

पहिला विचार पाण्याचा. आमच्या जांभ्या दगडातील विहिरीचे पाणी मृदू व किंचित आम्ल; इंदूर-हैदराबादकडील कूपनलिकांचे बहुधा जड. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी मानवते, हार्लेक्विन रासबोरास मृदू. गोल्डफिशला थंडावा हवा आणि जागाही पुष्कळ. तेव्हा तो आपोआपच वगळला गेला.

दुसरा विचार वाढीचा. मनूच्या ओंजळीत आलेल्या माशाला घडा पुरला नाही, तळे पुरले नाही. अखेर त्याला सागरात न्यावे लागले. मनूपाशी सागर होता, आमच्यापाशी साठ लिटरांची पेटी. म्हणून दुकानात दिसतो तो मासा न पाहता, वाढल्यावर होणारा मासा पाहावा.

तिसरा विचार स्वभावाचा. दोन नर फायटर एकत्र ठेवले तर ते जिवावर उठतात. टायगर बार्ब दुसऱ्यांचे लांब पर कुरतडतो. शांत दिसणारी एंजलफिश मोठी झाली की निऑन टेट्रा गिळते. उलट, थव्याने राहणारा मासा एकटा ठेवला तर भेदरून कोपरा धरतो. त्याला निदान सहा सोबती हवेत.

सारे ठरत आले असता दुकानदाराने काच स्वच्छ ठेवणारा सकर मासा पुढे केला. हा दक्षिण अमेरिकेतला. फूटभर आणि त्याहूनही अधिक वाढणारा. मी तसे म्हणताच तो सहज उत्तरला, “मोठा झाला की देवळाच्या तळीत सोडा, पुण्य लागेल!” नातीने माझ्याकडे पाहिले. “तिथे त्याला मोकळं वाटेल ना, आजोबा?”

त्याला वाटेल, मी म्हणालो. पण तळीत आधीपासून राहणाऱ्यांचे काय? भारतातील अनेक जलाशयांत असे सोडून दिलेले सकर आज माजले आहेत. ते काठ पोखरून बिळे करतात आणि देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होतात. डासांच्या अळ्या खाव्यात या सद्हेतूने १९२८ साली इटलीहून आणलेला गॅम्बुशियाही पुढे देशी माशांच्या पिलांना व बेडकांच्या अंड्यांना भोवला. ज्या तळीत आपण देवाची नौका फिरवितो, तिच्यात आपली अडगळ लोटणे हे पुण्य कसे? पाळणे जमत नसेल तर मासा दुकानदाराला परत करावा, किंवा मोठी पेटी असलेल्या गृहस्थास द्यावा.

अखेर आम्ही आठ झेब्रा आणि सहा हार्लेक्विन आणले. झेब्रा आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. दोन्ही जाती बोटाच्या दोन पेरांहून मोठ्या होत नाहीत. झेब्रे वरच्या पाण्यात धावतात, हार्लेक्विन मधल्या थरात संथ फिरतात. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. काचेवरचे शेवाळ नात दर रविवारी फडक्याने पुसते. सकर नको म्हणताना हे काम तिनेच आपणहून अंगावर घेतले होते.