चिंचोक्यांचा डाव

आमच्या अंगणवाडीत तीन वर्षांचं मूल आणि सहाव्या वर्षात पडलेलं मूल एकाच सतरंजीवर बसतं. मदतनीस ताई खिचडीला लागल्या की सगळी पोरं माझ्या एकटीकडे. नव्या सेविका हमखास विचारतात, एवढ्या लहानमोठ्यांना एका वेळी शिकवायचं तरी काय? मी सांगते, चिंचोके काढा.

उन्हाळ्यात घरोघर चिंच फोडून झाली की मुलं खिसे भरून चिंचोके आणतात. धुऊन, वाळवून ते डब्यात जातात. तीन वर्षांच्या आतलं भावंड सोबत आलं असेल तर डबा फळीवरच राहतो. चिंचोका नाकात घालायला पोराला वेळ लागत नाही.

आमचा आवडता डाव चल्लस आठचा. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरांचा पट आखायचा. चार अर्धे फोडलेले चिंचोके, एक अंग काळं, एक पांढरं. एक पांढरं पडलं तर एक, चारही पांढरी पडली तर चार, चारही काळी पडली तर आठ. धाकटी मुलं दान टाकतात आणि काळं-पांढरं ओरडून सांगतात. मधली मोजतात. मोठी सोंगटी चालवतात आणि पुढच्या घरात कोणाची सोंगटी मारता येईल याचा हिशेब करतात. डाव एकच, पण रिकामं कोणी बसत नाही.

परवा एका चिमुरडीनं तीन पांढरे मोजताना ‘एक, दोन, पाच’ म्हटलं. मी काही बोलायच्या आत शेजारच्या मोठ्या मुलानं तिचं बोट धरलं, एकेका चिंचोक्यावर टेकवलं आणि बजावलं, “बोट ठेवल्याशिवाय आकडा बोलायचा नाय.” एका वस्तूला एकच आकडा, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. त्यानं ते खेळता खेळता स्वतः शोधलं होतं. दुसऱ्याला समजावताना त्याचंही मोजणं पक्कं झालं. म्हणून वयांप्रमाणे वेगळे गट पाडायला माझं मन घेत नाही.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम वाचलं की बळ येतं. बोर्डीला 1945 साली काम सुरू झालं तेव्हा मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला मोठ्या मुली धाकट्या भावंडांमुळे शाळेला मुकत होत्या, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. कडेवरचं पोर घरी ठेवून ये, असं तिथं कुणाला सांगावं लागलं नाही.

पालकांची तक्रार मात्र असतेच. “ताई, नुसतं खेळवता, लिहायला कधी बसवणार?” मी वाद घालत नाही, त्यांना डावाला बसवते. एक आजी अशीच तक्रार घेऊन आल्या आणि त्यांच्या माहेरी सोंगटी उलट्या बाजूनं कशी फिरवत ते शिकवून गेल्या. आता त्या अधूनमधून स्वतःहून येतात. मुलांना दोन्ही रीती येतात आणि आज कोणत्या रीतीनं खेळायचं यावर ती खूप भांडतात. ते भांडणही मी मोडत नाही. आपलं म्हणणं पटवून द्यायला पोरांना शब्द शोधावे लागतात.

दिवाळीनंतर मोठ्यांना पट स्वतः आखायला देणार आहे. खडू धरून सरळ रेघ ओढायची आणि पंचवीस घरं सारखी पाडायची म्हणजे हाताला वळण लागतं. पाटीची घाई असलेल्या पालकांना त्या दिवशी मुद्दाम बोलावणार आहे.