द्वारा

खूप दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. आजचं लिहिणं थोडं कबुलीजबाबासारखं आहे. नातेवाईक मंडळी वाचतातच, तेव्हा सगळ्यांसमोर झालेलं बरं.

माझा भाचा दूध शीतकरण केंद्रांतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत आहे. दिवसभर व्हॅनमधून फिरायचं. पोचल्याची वेळ, बदललेला पार्ट, गिऱ्हाइकाची सही, सगळं मोबाईलवरून तिथल्या तिथे कंपनीच्या सिस्टीममध्ये भरायचं. गेल्या पावसाळ्यात त्याचे तीन दिवस गैरहजर लागले आणि पगार कापला. "मावशी, नेटवर्क तुटतं गं," म्हणाला. माझा सगळा जन्म 'बाई, वही घरी राहिली' ऐकण्यात गेलेला! मी म्हटलं, "अरे, बाकीच्यांचं बरं तुटत नाही?" तो गप्पच बसला.

दिवाळीनंतर मला चिपळूणहून कराडला जायचं होतं, म्हणून त्याच्याच व्हॅनमधून निघाले. कुंभार्ली घाटात रेंज गेली. पुढे एका केंद्रावर त्याने काम संपवलं, पत्र्याखाली उभं राहून फॉर्म भरला, केंद्राचं वायफाय मिळालं म्हणून ते लावलं, आणि फॉर्म गायब. पुन्हा लॉगिन, मग ओटीपी. ओटीपी यायला रेंज हवी, म्हणून बाहेर रस्त्यावर पळाला. आला तोवर त्याची मुदत संपलेली. असं तीन वेळा. मी व्हॅनमध्ये बसून बघत होते. बोलले काहीच नाही.

वाटेत त्याने समजावलं. बाहेरच्या फोनला कंपनीच्या नेटवर्कमध्ये थेट शिरता येत नाही. व्हीपीएन म्हणून एक बंद बोगदा असतो, त्यातून जायचं. फोनलाही पत्ता असतो आणि बोगदा त्या पत्त्याला बांधलेला. नुसता टॉवर बदलला तर सहसा बिघडत नाही, पण मोबाईलच्या नेटवरून वायफायवर गेलं की पत्ताच बदलतो. ऑफिस जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतं आणि बोगदा ढासळतो.

मला माझी पहिली नोकरी आठवली. दोन वर्षांत तीन गावं झाली, पण सगळ्यांना पत्ता घरचाच दिलेला. पत्र आलं की आई जुना पत्ता खोडायची, 'द्वारा मुख्याध्यापक' करून नवीन लिहायची आणि पेटीत टाकायची. हे सांगितल्यावर भाचा हसायलाच लागला. म्हणे, इंटरनेटवाल्यांनी हेच १९९६ साली नियमात लिहून ठेवलंय, मोबाईल आयपी नावाने. घरी बसून पत्रं पुढे पाठवणारा तो होम एजंट, आणि तात्पुरत्या पत्त्याला नाव काय, तर 'केअर ऑफ ॲड्रेस'! आमची आई होम एजंट होती, हे तिला कळलं असतं तर... असो. बोगदा न मोडता त्याला नवा पत्ता कळवायची सोयही २००६ पासून आहे, मोबाईक म्हणतात तिला. म्हणजे उपाय जुना आहे. ह्यांच्या कंपनीने तो घेतलेला नाही, इतकंच.

पण घाटात रेंजच नसेल तर बोगदा कितीही चांगला असून काय उपयोग? तिथे भरलेला फॉर्म फोनमध्येच राहायला हवा आणि रेंज आली की आपोआप जायला हवा. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकताना पोस्टमन समोर उभा असावा लागतो का? ह्यांच्या प्रोग्रॅमला मात्र तो समोरच लागतो. आणि नसला की पगार कापायचा पत्र टाकणाऱ्याचा!

कराडला पोचल्यावर त्याला म्हटलं, "चुकलंच माझं." "जाऊ दे गं मावशी," म्हणाला. तेव्हा आणखी वाईट वाटलं.

अर्ज मीच लिहून दिला, केंद्रांवरच्या रजिस्टरमधल्या त्याच्या सह्या आणि वेळा जोडून. दोन दिवसांचा पगार परत मिळाला. प्रोग्रॅम बदलू म्हणालेत, अजून बदललेला नाही. तिसऱ्या दिवसाचं उत्तर आलेलं नाही. येत्या सोमवारी पुन्हा लिहिणार आहे.